दाराची कडी आतून

बांबूच्या तट्ट्याच्या भिंती, वर टीन, मागे संडास, पिंपात कोणी हात बुडवू नये म्हणून खाली बसवलेली तोटी आणि दाराला आतून कडी. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. कोणी शिकवलं नव्हतं. चौकातला हा फळा वाचणाऱ्यांनो, हैज्याच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत पुलाखालच्या माणसांसाठी सक्करदऱ्याच्या तळ्याजवळ उभी केलेली ती शेड हीच.

आज सकाळी तोटी तपासायला गेलो, तर आपल्या गल्लीतले कापडवाले शेठ नाकाला रुमाल लावून दाराशी उभे.

"काहून गा मिस्त्री, कडी आतून काहून लावली? हे लोक मोहल्लाभर फिरून राहिले. बाहेरून लाव, रात्री कुलूप घालू."

"अन् रात्री कोणाले पोट धरून संडासात पळा लागलं तं, शेठजी?"

कालच दवाखान्यातून परतलेली म्हातारी गंगाबाई आतून बोलली, "बाहेरून लावता तं मी पुलाखालीच बरी, बाप्पा. जनमभर उघड्यावर निजली. काल आतून कडी लावली, तवा कुठं झोप लागली मले."

शेड बांधताना थकलो नव्हतो, तेवढा आज थकलो. तुमच्यातले कितीतरी जण शेठच्याच बाजूचे आहेत, हे मला माहीत आहे. एवढंच विचारतो, तुमच्या घराची कडी कोणत्या बाजूला आहे?

कडी काढून बाहेर बसवणं म्हणजे चार स्क्रूंचं काम. त्यासाठी शेठ माझ्या आठवड्याच्या मजुरीहून जास्त पैसे देत होते. मी नाही म्हटलं. पाच हजार रुपये सोडले.