हळदीकुंकवाच्या बायका खोट्या?

शंकर नगरात मागच्या गल्लीत क्षमाचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बावीस वर्षं झाली. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची आन् नवी तांब्याची तार एकेक वेढा मोजून भरायची. हे काम सगळ्या रायपुरात तिच्यासारखं कोणी करत नाही. ज्याले पटत नसेल त्यानं यावं आन् पाहावं. वडील दत्तोपंत रेल्वेत वाइंडर होते. हात त्यांचा आला, जिद्द तिची स्वतःची.

बाहेर काउंटरवर तिचा मोठा भाऊ शालिग्राम बसते. नवीन गिऱ्हाईक त्याच्याकडे पाहूनच मोटर पुढं करते. आतून क्षमा ओरडते, "भैया सिर्फ बैठते हैं. मोटर इधर लाओ!"

दोन वर्षांमागं मेन रोडवर एक चकचकीत दुकान उघडलं. तिथं वाइंडिंग होतच नाही. मोटर घेतात आन् दुसरीकडे पाठवतात. कितीदा तर ती मोटर फिरत फिरत क्षमाच्याच टेबलावर येते! पण फोनात 'कूलर रिपेयर' टाकलं की पहिलं नाव त्यांचं. तार भरणारी बाई गल्लीत, नाव मेन रोडचं. क्षमाच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

शालिग्रामची बायको गंधाली नव्या रायपुरात ऑफिसात आहे. तिनं एका रविवारी दुकान फोनातल्या नकाशावर चढवलं. वेळ, नंबर, फोटो, सगळं टाकलं.

"ताई, लोक वाइंडिंग शोधत नाहीत," ती म्हणाली. "कूलर ठीक करने वाला, मिक्सर ठीक करने वाला, असं शोधतात. तेच लिहू."

"मी मोटर भरते, वहिनी. ठीक करने वाले गल्लोगल्ली आहेत."

"ते तुम्हाले माहीत आहे. फोनाले नाही."

लिहिलं, तर महिनाभरात फोन सुरू झाले. मार्चात नव्या रायपुरातल्या एका हॉस्टेलचे मॅनेजर साहूजी बोलले, "दीदी, तीस कूलर बंद पड़े हैं. मैप में आपका नाम देखा. अप्रैल में काम दूँगा." तीस कूलर म्हणजे पूर्ण उन्हाळ्याचं काम. तेही थेट, मेन रोडवाल्याच्या हातून नाही. क्षमा त्या दिवशी दुपारीच दोनदा जेवली.

एकच खोट होती. नावाखाली लोकांचे अभिप्राय फक्त चार. मेन रोडवाल्याचे दोनशे. शालिग्रामनं त्यावर तोड काढली, आन् तोड काही वाईट नव्हती. गंधालीचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, सगळ्या मराठी बायका येणार, आन् एकीचंही घर असं नाही जिथला मिक्सर क्षमाच्या हाताखालून गेला नाही.

त्यानं अभिप्रायाची एक ओळ कागदावर लिहून दारात लावली. खाली घरच्या वायफायचा पासवर्ड. गंधाली आत हरभऱ्यानं ओट्या भरून राहिली होती, तिले पत्ता नाही. इकडे आंब्याची डाळ वाटीत पडायच्या आधी क्षमा फोन मागायची.

"रमाकाकू, पाच तारे दाबा."

"अगं, चष्मा घरी राहिला."

"आणा इकडे, मीच दाबते."

तासाभरात एकेचाळीस बायका झाल्या. एकेचाळीस ठिकाणी तीच ओळ: 'क्षमाताईंचं काम पक्कं.'

तिसऱ्या दिवशी दुकान नकाशावरून गायब. नकाशावाल्यांचा निरोप आला: अभिप्राय खोटे आहेत, दुकानाचं पान बंद.

"खोटे?" क्षमानं फोन टेबलावर आपटला. "रमाकाकूंची पंप-मोटर मी तीनदा भरली! त्या खोट्या? काहून? एका घरी बसून पन्हं पिलं म्हणून?"

"एकच वायफाय, एकच ओळ. तशीच टोळी बसवून खोटं लिहवून घेतात, ताई," गंधाली म्हणाली. "मशीनले काय कळते, हे हळदीकुंकू आहे?"

"कळत नाही तर बोलते काहून?"

तेवढ्यात साहूजींचा फोन. "दीदी, दुकान दिख नहीं रही. बंद कर दी? मेरे को भी ऊपर जवाब देना है. मेन रोड वाले को दे दूँ क्या?"

"दे दो!" क्षमा कडाडली. "घूम के मेरे पास ही आएगा!"

फोन ठेवला खरा. असा उन्हाळा पुन्हा चालून येणार नव्हता, हे तिलेही समजत होतं.

गंधालीनं अर्ज केला. लाइट बिल, दुकानाचा परवाना जोडला. दुकानाचा व्हिडिओ मागितला होता. क्षमानं गल्लीपासून पाटीपर्यंत सगळं दाखवलं, कुलूप उघडलं, शटर असं ओढलं की शेजारचा कुत्रा पळाला. आठव्या दिवशी पान परत आलं. एकेचाळीस बायका मात्र परत आल्या नाहीत, पुसल्याच.

आता गंधालीनं नियम लावला. ज्यानं त्यानं आपल्या घरून, आपल्या मनानं, खरं तेच लिहावं. काय लिहायचं ते कोणी सांगायचं नाही. पहिलाच अभिप्राय पाऱ्यातल्याच मीराबाईंचा आला, तीन तारे. 'काम चांगलं. पण चार दिवस लावले आन् बोलणं फटकळ.'

"मी जातो त्यांच्या घरी," शालिग्राम उठला.

"बस, दादा. माझं मी पाहते." क्षमानं तिथंच खाली उत्तर लिहिलं, सगळ्यांना वाचता यावं म्हणून हिंदीत: 'मीराबाई, मिक्सर में हल्दी की सूखी गाँठ पीसी थी. मना किया था. फिर पीसी. कॉइल दो बार जला, इसलिए चार दिन लगे. फटकळ हूँ, झूठी नहीं.'

गंधालीनं कपाळाले हात लावला. "ताई, गिऱ्हाइकाले असं लिहितात का? पुसा."

"नाही पुसत. पुसापुशी नकाशावाल्यांनी केली."

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत छोटा हाथी टेम्पो उभा राहिला. साहूजी स्वतः दोन कूलर घेऊन उतरले. "हल्दी वाला जवाब पढ़ा," ते म्हणाले. "मेन रोड वाला तो बस इतना बोलता है, सर, मोटर पुरानी है. आप बताओ, हमारे क्यों जले?"

क्षमानं एक मोटर उघडली, वास घेतला. "पंखा जाम था, फिर भी चलाते रहे. साल भर एक बूँद तेल नहीं डाला. गलती तुम्हारे लोगों की."

साहूजी हसले. "हव. बाकी अट्ठाईस कल भेजता हूँ."

शालिग्रामनं ती बातमी अर्ध्या तासात पूर्ण पाऱ्याले सांगितली. संध्याकाळी मीराबाई तणतणत आल्या. "सगळ्या रायपुरात माझी हळद काढली तू!"

"तुम्ही तारे काहून कापले?"

"खरं लिहा म्हणाली होती ना तुझी वहिनी?"

क्षमानं त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला आन् पुन्हा तार भरायला बसली. पण तिचा राग गेलेला नाही. कूलर मिळाले, ते तिच्या हातानं मिळाले. एकेचाळीस बायांना खोटं म्हणणाऱ्या नकाशावाल्यांनी अजून एक शब्दही मागं घेतला नाही, आन् गंधालीच्या फोनवरून ती दर सोमवारी त्यांना तक्रार धाडून राहिली आहे.