चाखलेले मणी आणि कुमुदताईंनी अंगावर घेतलेली चूक

डॉक्टर कुमुदताईंना मी पहिल्यांदा भेटले ती गंगापूर रोडवरच्या त्यांच्या दवाखान्यात, लॅब टेक्निशियनच्या नोकरीसाठी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. पहिल्याच दिवशी माझा गोंधळ उडाला. पाळी चुकते म्हणून आलेल्या मुलींची ताई कंबर मोजत आणि त्यांना रक्तातली साखर तपासायला माझ्याकडे धाडत. अहो, दुखणं पाळीचं आणि सुई दंडाला! ताईंनी न कंटाळता समजावलं, "पीसीओएसमध्ये, म्हणजे बीजकोशांच्या या विकारात, बिघाड नुसता पाळीचा नसतो. बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. आज पाळीसाठी आलेली मुलगी उद्या मधुमेहासाठी येऊ नये." मी मान डोलावली. कळलं निम्मंच.

त्याच वर्षी द्राक्षांच्या हंगामात निफाडची एक मुलगी आईबरोबर आली. सकाळी पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. तरी उपाशीपोटीची साखर भलतीच जास्त निघाली. ताईंना न दाखवताच मी आईला सांगून मोकळी झाले, "मुलीला मधुमेह आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला. "रविवारी सुपारी फुटायची हाय हिची. आता काय सांगू त्या लोकांना?"

ताई बाहेर आल्या. मुलीशेजारी बसून त्यांनी विचारलं, "सकाळपासून काय काय केलंस, बाळ?"

"काय नाय. बागेत तोडणीला गेले, मग यष्टी धरली."

"आणि द्राक्षं?"

"खाल्ली नाय. गोडी बघायला घडाघडाचा मणी चाखला तेवढा. ते काय खाणं हाय?"

बागाईतदाराच्या घरी चाखणं हे काम, खाणं नव्हे! दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं. उपाशीपोटीचा आकडा ठीक आला. ग्लुकोज पाजल्यावर दोन तासांनी मात्र जरा चढलेला. मधुमेह नाही, पण आहार-व्यायाम सांभाळायला हवा, असं सांगून ताईंनी त्या माउलीपुढे हात जोडले, "चूक माझी. तुमची बाग आहे हे ठाऊक असून मी चाखण्याचं विचारलं नाही."

चूक माझी होती, माझ्या एकटीची. ताईंनी ती अंगावर का घेतली, हे मला आजही उमगलेलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "पुढच्या पेशंटला बोलवा." त्या मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. दरवर्षी ती तपासणीला येते.

ताईंची आज साठी. जन्मभर बायकांची साखर तपासणाऱ्या ताई स्वतःची तपासायची म्हटलं की "उद्या बघू" म्हणतात. हाही एक न सुटलेला गोंधळ. ताई, तुम्ही शंभरी गाठायची आहे, ठणठणीत! उद्या सकाळी सातला मी सुई घेऊन थांबते. उपाशीपोटी या. निफाडहून द्राक्षांची पेटी आलीय, ठाऊक आहे मला. एक मणीसुद्धा चाखू नका.