जाहिरातीआधीची थालीपीठं

आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा भाड्याचं घर मिळत नव्हतं. एजंट फोनवर पहिला प्रश्न विचारायचा, इंडियन का? मुलगा हो म्हणाला की मालकाला विचारून कळवतो म्हणायचा, आणि मग त्याचा फोनच यायचा नाही. एकानं सरळ सांगितलं की मालकाला फोडणीचा वास चालणार नाही. त्या दिवशी मुलगा जेवला नाही. आपण माणसं नाही का, असं मलाच विचारत बसला, जणू घर मीच नाकारलं होतं. शेवटी बेडोकला एका म्हाताऱ्या चिनी बाईनं आम्हाला फ्लॅट दिला. अजून आम्ही तिथेच आहोत.

हे आधी सांगते, कारण पुढचं त्याच मुलाबद्दल आहे.

तो पाया लेबार भागातल्या एका कॉम्प्युटरच्या कंपनीत मॅनेजर आहे. तिथे जागा निघाली की सगळ्यात आधी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर कळायचं. इथला नियम असा, की परदेशी माणूस घ्यायचा तर आधी जाहिरात द्यायची, इथल्या लोकांना संधी द्यायची. जाहिरात निघायची, पण तोवर माणूस ठरलेला असायचा. शनिवारी कुणीतरी पोरगा यायचा, कुणाच्या मेहुण्याचा मित्र, कुणाच्या कॉलेजातला. मी थालीपीठं लावायची. तो मला वाकून नमस्कार करायचा, मग दोघं कॉम्प्युटरचं बोलायचे, आणि जाताना मुलगा त्याला म्हणायचा, जाहिरात आली की अर्ज टाक. माझ्या हातची थालीपीठं खाऊन निम्मं ऑफिस भरलं. चिनी साहेब त्यांची मँडरिन भाषा येणारेच घेतात, मग आपण आपले घेतले तर काय बिघडलं, असं तो म्हणायचा. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

गेल्या वर्षी त्यानं मला ऑफिसचा दिवाळीचा फोटो दाखवला. सगळे आपलेच चेहरे बघून मी गमतीनं विचारलं, हा पुण्यातल्या ऑफिसातला का? तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की काहीतरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते असं. परदेशी माणसाला नोकरीचा पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, देताना सरकार आता बघतं, की कंपनीनं एकाच देशातून किती माणसं आणलीत. याच्या टीममधल्या एकाचा पास पुढे वाढला नाही. तो बायकापोरांसकट परत गेला. मग वरच्या साहेबानं मुलाला बोलावून सांगितलं, आता आणखी इंडियन नकोत. मुलाच्या स्वतःच्या पासची मुदतही संपत आली होती. पास गेला तर घर गेलं, नातीची शाळा गेली, मीही गेले. तो रात्री उठून पाणी पीत बसायचा.

आमच्या शेजारी एक तमिळ कुटुंब राहतं. आई, बाप आणि एक मुलगी. बापाचा बाप सेम्बावांगच्या गोदीत कामाला होता. यांचं गाव म्हणजे सिंगापूरच, भारतात यांचं कुणी नाही. मुलीची आई आणि मी रोज सकाळी बरोबर बाजारात जातो. तिला हिंदी येत नाही, मला तमिळ येत नाही. मोडक्या इंग्रजीत दोघींचं छान चालतं. तिला मासे कळतात, मला भाजी.

मुलगी कॉम्प्युटर शिकलेली. डिग्री होऊन किती दिवस झाले, तरी सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर काम करत होती. पक्की नोकरी मिळत नव्हती. चिनी कंपनीत गेली तर मँडरिन येते का विचारायचे. इंडियन मॅनेजर असला तर तिच्या आईच्या भाषेत सांगायचं तर तो मुलीकडे बघायचाही नाही, त्याचा माणूस ठरलेला. मला हे ऐकून घ्यावं लागलं. मी वांगी निवडत राहिले.

मुलाच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा तिनंही अर्ज केला. आई मला म्हणाली, मुलाला सांगू नकोस, तिचं तिला मिळू दे. पण या वेळी पक्कं होईल असं तिच्या तोंडावर दिसत होतं. थालीपीठं खायला या वेळी कुणी पोरगा आला नव्हता, आणि मुलगी तर इथलीच. मलाही वाटलं, आता हिचं काम झालं.

आठवड्याभरानं मी मुलाला विचारलंच. तो म्हणाला, "आई, तिचं नाही होणार. इंडियन नकोत म्हणून सांगितलंय."

मी म्हटलं, "अरे, ती कुठली इंडियन? तिचा आजा इथे गोदीत होता."

"मला माहितीये. सरकारच्या लेखी ती इथलीच. पण आमचा साहेब पासपोर्ट बघत नाही, फोटो बघतो."

"मग साहेबाला सांग."

तो ताट घेऊन उठला.

पण सांगितलं असावं, कारण तिला मुलाखतीला बोलावणं आलं. निळा शर्ट घालून ती गेली. ती निघाली तेव्हा मी तिच्या हातावर साखर ठेवली. तिला ते काय ते कळलं नाही, पण तिनं खाल्ली.

संध्याकाळी ती आमच्या दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तर आली नाही. कामाबद्दल विचारलं ते सगळं तिला आलं. मग साहेबानं हसून विचारलं, तू सिंगापूरला कधी आलीस? तिनं सांगितलं, माझा जन्म इथला. तो म्हणाला, हो हो, पण मूळची कुठली? ती मला म्हणाली, "आंटी, तुमचा मुलगा समोर बसला होता. त्याला माहितीये ना मी कुठली. तो खाली बघत होता."

मुलगा तेव्हा आत चहा पीत होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

नोकरी तिला मिळाली नाही. दुसऱ्याच देशातून एक जण घेतला. ती अजून कंत्राटावर आहे. मुलाचा पास मात्र वाढला. त्या दिवशी सुनेनं शिरा केला. नात म्हणाली, "Yay, no need to move lah." मी शिरा खाल्ला. गोड होता. आम्हाला परत जावं लागलं नाही याचा मला आनंद झाला, तो मी नाकारत नाही.

मुलगा मला समजावतो. मी बोललो असतो तर तिला नोकरी मिळाली नसतीच, माझी तेवढी गेली असती. खरं असेल. पण फोडणीच्या वासावरून घर नाकारलं तेव्हा हाच माणूस जेवायचा राहिला होता. त्या वेळीही त्या मालकासमोर बसून कुणीतरी खाली बघत होतंच ना.

मुलीच्या आईनं मला काही बोलून दाखवलं नाही. सकाळी आम्ही अजून बरोबर जातो. पहिल्यासारखी ती मला मासे निवडून देत नाही. तिचे घेते आणि थांबते.

मागच्या महिन्यात मुलगा म्हणाला, शनिवारी एक पोरगा येतोय, दुसऱ्या एका कंपनीतल्या मॅनेजरकडे जागा आहे, थालीपीठं लाव. मी म्हटलं, "त्याला म्हणावं, जाहिरात आल्यावर अर्ज कर. मी काही लावणार नाही." सुनेनं बाहेरून डोसे मागवले. पोरगा आला, माझ्या पाया पडला. त्याची काय चूक? मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि खोलीत जाऊन पडले.

शेजारची मुलगी लिफ्टपाशी भेटली की अजूनही मला आंटी म्हणते. मुलगा ऑफिसला निघाला की आधी दाराच्या जाळीतून बघतो. ती उभी असली तर लिफ्ट जाईपर्यंत आतच बूट घालत बसतो. घातलेलेच बूट पुन्हा सोडतो आणि पुन्हा बांधतो.