उजवा कौल

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. माहेरी नाही, देवळात नाही, पोरीला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतेय — की तुम्ही मला काही विचारणार नाही म्हणून? ज्यांना सांगायला हवं ती दोन माणसं हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांच्यासमोर गेलं की मी दुसरंच काहीतरी बोलते.

मी चंदगडकडची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, नवरा सेंट्रिंगच्या कामाला गोव्यात घेऊन आला आणि आम्हा मायलेकींना इथेच टाकून निघून गेला. कुठे, ते आजवर कळलेलं नाही. तेव्हा लाटंबार्शे गावातल्या ज्या बाईने मला घरात घेतलं तिला सगळी वाडी आये म्हणायची. मीही म्हणू लागले. तिने मागची खोली दिली. खुंटीला पुरुषाचा एक सदरा होता. म्हणाली, बाबलोचा आहे, असू दे तिथेच.

बाबलो म्हणजे तिचा एकुलता मुलगा. तुरुंगात होता. काजूच्या हद्दीवरून शेजारच्या पांडूशी भांडण झालं, याने दांडा मारला, तो दगडावर पडला तो उठलाच नाही. दहा वर्षं शिक्षा लागली. पांडूचे थोरले भाऊ नारायणदादा, त्यांचं घर आमच्यापासून चार माडांपलीकडे. दोन्ही घरांत बोलणं बंद.

मी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जायची. परत येईपर्यंत आयेने पोरीला न्हाऊ-माखू घातलेलं असायचं, हुमण-शीत, म्हणजे माशाचं कालवण आणि भात, झाकून ठेवलेलं असायचं. चार वर्षांत तिने मला एकदाही परकी म्हटलं नाही. तिच्या उपकारांचं लिहायला बसले तर पानं भरतील, आणि जे सांगायचं ते राहून जाईल. — तेच मला हवं असतं, नाही का?

तर, शिक्षेचे नियम सैल झाले. बाबलोचा वकील स्वतः घरी येऊन सांगून गेला. ज्याचा पहिलाच गुन्हा आहे, तुरुंगात ज्याची वागणूक बरी आहे, त्याची शिक्षा आता कमी करता येईल, आणि आधीच आत असलेल्यांनाही हे लागू आहे. बाबलो दोन्हींत बसत होता. फक्त एक साहेब गावात चौकशीला येईल. हा परत आला तर भांडण पेटेल का, एवढं तो बघेल. वकील म्हणाला, नारायणकडून लिहून घ्या, आमची हरकत नाही म्हणून.

आये कागद घेऊन कुठे गेली नाही. ती देवळात गेली, बाबलोने परत यावं का हे विचारायला. इकडे मोठ्या गोष्टीला देवाला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि श्वास धरून बघत बसतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. नारायणदादा आले होते. सगळ्या गावासमोर म्हणाले, देव सांगेल ते मला मान्य. मी खांबाला टेकून उभी होते. उजवी पाकळी पडली.

त्या दिवशी परत जाताना ते आमच्या सोप्यावर बसून पाणी प्यायले. इतक्या वर्षांनी. आये रडली. ते गेल्यावर मी तिला कागदाची आठवण केली — मीच केली, हे खरं आहे — तर ती माझ्यावरच चिडली. "देवाफुडें बोललो तो. आतां ताचेकडेन सही मागूं? लज ना माका?"

आता बघा, मी अजून मुद्द्याच्या कडेकडेनेच फिरतेय.

मला भीती वाटत होती. बाबलो आला की खोली त्याची. घरात बिनलग्नाचा पुरुष, आणि नवऱ्याने टाकलेली बाई. लोक काय बोलतील? पोरीची शाळा? आये एकदा भाकरी थापता थापता हसून म्हणाली, "तो आयलो मगीर तुका खंय दवरूं गे, माळ्यार?" थट्टा होती ती. थट्टा आहे हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्यानंतर मला धड झोप लागली नाही, आणि त्याच आठवड्यात साहेब आला.

मला ताप होता म्हणून मी घरी होते. आये इब्रामपूरला बहिणीकडे गेलेली. साहेब साधा माणूस, चपला बाहेर काढून बसला. नारायण यांच्याकडे जाऊन आलो, म्हणाला, कुलूप आहे. काजूचे दिवस, सगळे डोंगरावर. मी म्हटलं नाही की थांबा, संध्याकाळी येतील. पाणी दिलं. त्याने विचारलं, तुम्ही इथे राहता, तुम्हाला ठाऊक असेल. त्या घरचा राग गेला का?

मी म्हटलं, नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी... पण त्याने मान वर केली, विचारलं, कशावरून म्हणता? आणि मी म्हटलं, नारायणदादा म्हणतात, तो गावात आला की बघून घेईन.

ते असं कधीच म्हणाले नव्हते. एकदाही नाही. साहेबाने लिहिलं, मला वाचून दाखवलं. ऐकताना ते इतकं खरं वाटलं की मला स्वतःलाच नारायणदादांची भीती वाटली. मग मी खाली सही केली. सातवीपर्यंत माझं अक्षर वर्गात चांगलं म्हणायचे.

आयेला संध्याकाळी सांगितलं, साहेब येऊन गेला, मी सगळं बरं बरं सांगितलं. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मीच वाचलं, वाचणारी दुसरी कोण होती? अर्ज नामंजूर. मयताच्या घरच्यांकडून शांततेला धोका. आयेने ते वाक्य मला तीनदा वाचायला लावलं. मग उठली आणि नारायणदादांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. काय काय बोलली ते लिहिता येत नाही. ते सांगत होते, मला कुणी साहेब भेटलाच नाही. कोण विश्वास ठेवणार? कागदावर त्यांच्याच घराचं लिहिलेलं. त्यांनी देवळात जाऊन शपथ घेतली, तर लोक म्हणाले, देवापुढे एकदा फिरला तो दुसऱ्यांदाही फिरेल. पालखीला खांदा द्यायला गेले, कुणी जागा दिली नाही. ज्याचा भाऊ मेला, ज्याने माफ केलं — तोच गावात खोटा ठरला.

मी रोज बघत होते. रोज सांगता आलं असतं. अर्ज पुन्हा करता आला असता. नाही सांगितलं.

पुढल्या श्रावणात आये गेली. शेवटचे दोन दिवस बाबलोचं नाव कमी आणि नारायणदादांचं जास्त घेत होती — त्याला माझ्या दारात येऊ देऊ नका. बाबलोला पोलिसांनी तासाभरासाठी आणला, पण तिला उचलल्यावर. नारायणदादा आले होते. भिजलेले, हात जोडलेले. पायरीवरच वाडीतल्या पोरांनी अडवलं. मी दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे निदान तू तरी सांग, अशा नजरेने. मी पदर तोंडाला लावला.

बाबलो पुढे दोन वर्षांनी सुटला. त्याने ती खोली मागितलीसुद्धा नाही. सोप्यावर अंथरूण टाकलं, म्हणाला, खोली तुमची मायलेकींची, माझ्या आयेला तूच बघितलंस. मला ताई म्हणतो. नारायणदादांशी बोलत नाही. हद्द अजून तीच आहे, दोन्हीकडे काजू तसेच उभे. तो कोयता घेऊन तिकडे वळला की मी चूल सोडून दारात येते आणि तो परत दिसेपर्यंत तिथेच उभी राहते.

परवा सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीपाशी नारायणदादा होते. आता सगळे केस पांढरे झालेत. पाव घेतले तरी गेले नाहीत. हळूच म्हणाले, "त्या दिसा घरांत तूंच आसलें न्हय गे? सायबान आनीक कोणाक विचारलें?"

मी म्हटलं, "नाही ठाऊक, दादा."

"तुजेर दुबाव ना गे," ते म्हणाले. माझ्यावर संशय नाही म्हणत होते. "तूं एकलेंच म्हजेविशीं बरें सांगलें म्हण आये त्या दिसा आंगणांत सांगताली."

ते गेले. मी घरी आले. बाबलो सोप्यावर बसला होता, नारायण काय म्हणत होता म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, काही नाही, आणि त्याच्यापुढे पाव ठेवले.