टेबलाची वाटणी

मी जुनं लाकडी सामान दुरुस्त करतो. पुण्याजवळ भरे गावात माझी शेड आहे. गेल्या उन्हाळ्यात कासार आंबोलीच्या एका घरातून फोन आला, जेवणाचं टेबल बघायला या म्हणून. मला वाटलं, पॉलिश असेल, नाहीतर पाय डुगडुगत असेल.

टेबल बघितलं आणि मी सरळ त्याच्याखाली उताणा झोपून टॉर्च मारला. अस्सल जुनं सागवान. एकही खिळा नाही. पायांची टोकं चौकटीच्या खाचांत बसवून आरपार लाकडी खुंट्या ठोकलेल्या. वरच्या फळ्या मात्र जखडलेल्या नव्हत्या, छोट्या लाकडी खिट्ट्यांनी नुसत्या धरून ठेवल्या होत्या. पावसाळ्यात सागवान फुगतं, त्याला हलायला जागा लागते. करणाऱ्यानं ती ठेवली होती.

"टेबल ठणठणीत आहे," मी बाहेर येत म्हणालो. "करायचंय काय?"

"मदून कापायचंय," थोरला भाऊ म्हणाला.

मला थट्टा वाटली. धाकटा म्हणाला, "जमीन वाटून झाली, घर झालं. ह्येच राह्यलंय. आमचं ठरत न्हाई. निम्मं निम्मं करा."

"अहो, दोन पायांवर टेबल उभं राहतं का कुठं?"

थोरल्यानं टेबलावर मधोमध बोटानं रेघ ओढून दाखवली. मी निघायला पिशवी उचलली. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई आतून आली. हे टेबल तिच्या नवऱ्यानं कॅम्पातल्या लिलावातून हौसेनं आणलेलं. आता ही दोघांना झापणार, असं मला वाटलं.

"कापा," ती म्हणाली. "माज्या डोळ्यांदेखत कापा. मी गेल्यावर कापत्यालच, मग आत्ताच बघून घेती."

मी तिला पुन्हा विचारलं. ती खुर्ची ओढून समोर बसली.

करवत चालू केली. वरून काळं पडलेलं लाकूड आत अजून सोनेरी होतं. घरभर सागवानाचा वास सुटला. शेवटचा धागा तुटला तशी दोन्ही अर्धी आत कलंडली. भावांनी धावत जाऊन आपापलं अर्धं धरलं.

"धरा आता," आई म्हणाली. "ज्यानं त्यानं आपापलं."

सोडलं की पडणार, म्हणून दोघं तसेच उभे. धाकट्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. थोरल्यानं मला हळूच विचारलं, "परत जोडता यील का वो?"

"खालून लोखंडी पट्ट्या मारून येईल. पण पहिल्यासारखं नाही."

"न्हाई," आई म्हणाली. "वाटणी झालीया."

घराच्या वाटणीत मधोमध नवी भिंत घातली होती. शेवटी तिच्या एका अंगाला थोरल्याचं अर्धं आणि दुसऱ्या अंगाला धाकट्याचं, असं मी भिंतीला बोल्ट मारून बसवलं. भोकं वाकडी पडली.

काम झाल्यावर आईनं चहा आणला. ती थोरल्याच्या टेबलाकडे वळली, थांबली, तिनं धाकट्याच्या दाराकडे बघितलं आणि कप कुठल्याच टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिला.

घरी बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "चांगलं टेबल कापून आलो."