वरचे दोन दात

"ताई, बीक लागते," असं म्हणत ती तोंडावर हात धरायची आणि मगच खुर्चीत बसायची. घरी मराठी बोलणारी बडोद्याची मुलगी, पण भीती वाटली की तिला गुजराती शब्दच सुचे.

सयाजीगंजातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात ती आली ती स्कूटरवरून पडून. ओठ सुजलेला, वरचे पुढचे दोन दात हलत होते. तुम्ही म्हणाल, दातच ते! पण ती ट्रम्पेट वाजवायची, आणि फुंकताना सगळा दाब याच दातांवर येतो. दोन-अडीच महिन्यांनी तिला मुंबईत एका जॅझ बँडपुढे वाजवून दाखवायचं होतं.

मी तारेने दात बांधले. "मी सांगेपर्यंत वाजवायचं नाही."

"आणि नाही बसले तर?"

मी पुढच्या खेपेची तारीख लिहून तिच्या हातात दिली.

दर खेपेला तिचे हात गार पडलेले असत. मग हत्यारं बाजूला ठेवून मी तिला बोलतं करी. पणजोबा संस्थानच्या फौजेच्या बँडमध्ये होते, वडील लहरीपुऱ्यात लग्नाच्या बँडमध्ये. वडील जेवायला बसलेले असताना सात वर्षांच्या या पोरीने त्यांचा ट्रम्पेट उचलला आणि गल्लीत ऐकलेला गरबा अख्खा वाजवला. त्यांचा घास हातातच राहिला.

पुढे लग्नसराईत येणाऱ्या एका गोव्याच्या वादकाने तिला फोनवर जॅझ ऐकवलं.

"मी विचारलं, काका, हा चुकतोय का? ते म्हणाले, नाही गं, मनाला येईल तिकडे चाललाय. त्या रात्री झोपच नाही आली मला, ताई."

तार काढल्यावर काही दिवसांनी ती ट्रम्पेट घेऊन आली. सोबत वडील. तिने तो ओठांना लावला. नुसती हवा आली. पुन्हा हवाच. तिचा चेहरा पांढराफटक पडला. वडील भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तिसऱ्यांदा सूर लागला, वर चढला आणि फाटला. आता ही रडणार, असं मला वाटलं. पण ती फाटलेल्या सुरावरूनच खाली उतरली, वळली, भलतीकडेच निघाली. बाहेर बसलेले पेशंट दाराशी आले.

थांबल्याबरोबर तिने दात चाचपले. "हलत नाहीत ने?" तिचं गुजराती परत आलं.

"नाहीत."

"वरातीत नाही चालायचं हे," वडील डोळे पुसत म्हणाले. "तू जा मुंबईला."

ती गेली, आणि आता तिकडेच असते. मला मात्र ती दिसते वाजवून निघाल्यावर त्या संध्याकाळी खिडकीतून पाहिलेली. खाली रिक्षांची झुंबड. वडील एक हात उंच करून, रिक्षा अडवत रस्त्याच्या मधोमध उभे, वरात पुढे काढावी तसे. आणि त्यांच्या मागून ती एकटीच रस्ता ओलांडतेय.