बॉनेटवरचे गोल

बस बांधायच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं रंग मारला आणि एकोणीस वर्षं एकाच माणसाने तो नापास केला. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल. आम्ही सगळे त्यांना खडू म्हणायचो, अर्थात पाठीमागे. तोंडावर साहेब.

खडू रंगाचे तपासनीस होते. बस रंगून, वाळून, पॉलिश होऊन फाटकाबाहेर पडायच्या आधी शेवटची नजर त्यांची. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथे यांचा पांढरा खडू. पत्र्याच्या कडेला उभं राहायचं, मान तिरकी करायची, वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावरून कसं सरकतं ते बघायचं आणि ते जिथे अडखळेल तिथे एक गोल काढायचा. धुळीचा कण बसला असेल तर बटणाएवढा, रंग ओघळला असेल तर बशीएवढा. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही, चांगलं झालं तर शाबासकीही नाही. आपण त्या गोलात डोळे फाडून बघायचं, सापडलं की घासायचं आणि परत मारायचं.

एकोणीस वर्षांत माझी एकही बस बिनगोलाची गेली नाही. कमीत कमी एक गोल असायचाच. मी घरी जाऊन बायकोवर चिडायचो. म्हणायचो, "हा माणूस स्वर्गात गेला ना, तर आत जायच्या आधी दाराचा रंग तपासेल." ती म्हणायची, "तपासू दे की. तुम्ही कशाला दार रंगवायला जाताय?"

पुढे कारखाना बंद पडला. खडू निवृत्त झाले. मी गावाच्या कडेला पत्र्याची शेड टाकली आणि लोकांच्या मोटारी रंगवायला लागलो. सहा वर्षं झाली. कामाला कुणी नावं ठेवत नव्हतं. लोक गाडी बघायचे, आरशात भांग बघावा तसं तोंड बघायचे, खूश होऊन जायचे. मला मात्र दर वेळी वाटायचं, यांना काय कळतंय डोंबल.

मग एका सकाळी शेडच्या दारात गडद निळी गाडी येऊन थांबली. खडू उतरले. दुसऱ्या दाराने वहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, उतरल्या. खडूंचे केस पांढरे झाले होते. खिशातला खडू होता तिथेच होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही.

"पेंटर," ते म्हणाले, "बॉनेट बघ."

मी बघितलं आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. बॉनेटची पार दैना झाली होती. रंगावर काचेसारखा जो पारदर्शक थर असतो, ज्याला आम्ही नुसतं क्लिअर म्हणतो, तो मधोमध सोलून निघाला होता, उन्हाने करपलेली कातडी सुटते तसा. कडा पांढऱ्या पडून वर उचलल्या होत्या. आजूबाजूचा भागही मेला होता, झळाळी म्हणून नाही.

"किती दिवसांचं आहे?"

"दोन वर्षं. आधी तळहाताएवढं होतं."

"तेव्हाच आणायची ना साहेब. कडा उचलली की पॉलिशने काही होत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

"माहीत आहे," ते म्हणाले.

वहिनी बोलल्या. "अहो, रोज सकाळी तासभर घासत बसतात. घासायचं पॉलिश आणलंय डबाभर. मी म्हणते, तिथे चांगलं आहे, तिथे कशाला घासताय? तर म्हणतात, तुला दिसत नाही, इथेही पांढरं येतंय. जितकं घासतात तितकं वाढतंय."

"तिला रंगातलं कळत नाही," खडू म्हणाले.

माझंही तेच मत पडलं. वहिनींना रंगातलं काय कळणार! आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

काम मी असं केलं, जसं आयुष्यात केलं नव्हतं. सगळं क्लिअर पत्र्यापर्यंत उतरवलं. प्रायमर मारला, घासला, परत मारला. शेडमध्ये पाणी शिंपडून धूळ बसवली, दारं लावून घेतली आणि निळा मारला. वर क्लिअरचे दोन हात दिले. चार दिवस वाळू दिलं, बारीक वॉटर पेपर पाण्यात बुडवून घासलं आणि कापसाने चमकवलं. आता त्या बॉनेटमध्ये बघून दाढी करता आली असती. मी ट्यूबखाली मान तिरकी करून तीन वेळा बघितलं. काही नव्हतं. म्हटलं, खडूमहाराज, आज तुमचा खडू खिशातच राहणार.

खडू आले. कडेला उभे राहिले. मान तिरकी केली. मी कारखान्यातल्यासारखा हात मागे बांधून उभा राहिलो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, स्वतःची शेड आहे, आणि हात मागे!

त्यांनी खडू काढला आणि सात गोल काढले. एकाखाली एक, बॉनेटच्या मधोमध ओळीत, सगळे बशीएवढे.

"दूध आलंय," ते म्हणाले. क्लिअरमध्ये पांढुरकेपणा आला की आमच्यात त्याला दूध म्हणतात. "ओलाव्यात मारलास का?"

मी गोलात बघितलं. काही दिसलं नाही. वाकून बघितलं, बाजूने बघितलं, बॅटरी मारून बघितलं. निळा नि निळाच. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? म्हणाला असता, साहेब, इथे काही नाही. मी काय केलं? पेपर घेतला आणि सगळं बॉनेट घासून काढलं. एकोणीस वर्षांची सवय होती. खडूचा गोल आहे म्हणजे आत काहीतरी आहे. दिसत नसेल तर दोष माझ्या डोळ्यांचा.

बायको जेवताना म्हणाली, "म्हणजे चांगलं झालेलं काम तुम्ही खरवडून काढलंत?"

"चांगलं नव्हतं."

"तुम्हाला दिसलं?"

"त्यांना दिसलं."

ती पुढे काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा फार बोलते.

दुसऱ्या वेळी मी आणखी काळजी घेतली. हवा कोरडी असल्याचं बघून मारलं. पण हवा बदलायच्या आत संपवायच्या घाईत क्लिअर मारताना डाव्या कोपऱ्यात, वायपरच्या बुडाशी, थोडा ओघळ आला. मी तो वाळल्यावर कापून काढला, घासला, चमकवला. अगदी तिरकं बघितलं तर केसाएवढी सावली उरली होती. म्हटलं, वायपरखाली झाकली जाते, कोण बघतंय. आणि तपासणी नीट व्हावी म्हणून, अंगात शहाणपण फार ना, पहिल्या ट्यूबशेजारी दुसरी ट्यूब लावून घेतली.

खडू आले. मान तिरकी. चौदा गोल. दोन ओळी.

त्या डाव्या कोपऱ्यात मात्र एकही नाही.

मी पेपर आणायला वळलोसुद्धा होतो. पाय तिथेच थांबले. एक ट्यूब, सात गोल. दोन ट्यूब, दोन ओळी. मी परत आलो, खडूंच्या जागी उभा राहिलो आणि बघितलं. गोलांच्या ओळी ट्यूबच्या प्रतिबिंबांवर बरोबर बसल्या होत्या, जणू पट्टीने आखल्या होत्या.

मी भिंतीपाशी गेलो आणि नवी ट्यूब बंद केली.

"साहेब, आता बघा."

खडूंनी बघितलं. पुढे झाले, मागे झाले. "ही ओळ गेली," ते म्हणाले. "कशी गेली?"

मी दुसरीही बंद केली. दारातून नुसता दिवसाचा उजेड येत होता.

मला वाटलं, चिडतील. त्यांनी उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा झाकला. वर बघून म्हणाले, "लाव एक." मी लावली. त्यांनी बॉनेटकडे बघितलंच नाही, सरळ ट्यूबकडे बघितलं.

"तिच्याभोवतीही दूध आहे," ते म्हणाले.

वहिनी बाहेर गाडीवाल्यांच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं नाही. ते बरंच झालं, कारण खडू तिथल्या रंगाच्या डब्यावर बसले आणि मी त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं.

"म्हणजे बॉनेट मीच खाल्लं," ते म्हणाले. "तळहाताएवढंच गेलं होतं. बाकीचं चांगलं होतं. पांढरं माझ्या डोळ्यात होतं आणि मी रोज चांगलं क्लिअर घासून काढत होतो."

खरंच होतं ते.

मग ते उठले, खिशातून रुमाल काढला, चौदाही गोल पुसले आणि म्हणाले, "पास. चांगलं झालंय."

एकोणीस वर्षं आणि वर सहा, पंचवीस वर्षं मी या एका शब्दासाठी तडफडलो होतो. आणि मला असा राग आला, असा राग आला म्हणून सांगू! "तुम्हाला दिसत नाही आणि पास करताय?" मी ओरडलो. "असला पास घेऊन चाटू का मी? मला नको. डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला आधी."

"सहासष्ट वर्षांचा झालो. जाऊ दे."

"का जाऊ दे?"

ते खडू बोटांत फिरवत होते. "डॉक्टर विचारेल कधीपासून आहे. सांगितलं तर मलाही कळेल." मग हळूच म्हणाले, "कारखान्यातली शेवटची वर्षं... पेंटर, खरं सांग. गोल बरोबर होते ना?"

तेव्हा मला कळलं हा माणूस दोन वर्षं घरी बॉनेट का घासत बसला होता. त्यांना बाकी आयुष्यात काय जमलं, काय नाही, देव जाणे. नजर तेवढी त्यांची होती. ती खोटी निघाली तर मागचं सगळंच खोटं निघणार होतं आणि ते त्यांना झेपणार नव्हतं.

"सगळे बरोबर होते," मी म्हणालो. "प्रत्येक गोलात सापडलं मला." शेवटच्या वर्षी एका हिरव्या बसवर अकरा गोल होते आणि मला एकातही काही सापडलं नव्हतं, तरी मी घासलं होतं. ते मी सांगितलं नाही.

त्यांनी माझ्याकडे तिरक्या मानेने बघितलं. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. पण डॉक्टरकडे आले. गाडी मी चालवली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरने विचारलंच, कधीपासून. वहिनी म्हणाल्या, "दोनच वर्षं झाली हो, त्याआधी अगदी स्वच्छ होतं." वहिनींना मी काही सांगितलं नव्हतं. काही बायकांना सांगावं लागत नाही. रंगातलं तेवढं कळत नाही म्हणे त्यांना.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने दुसऱ्याचं. तोवर गाडी माझ्याच शेडमध्ये, चादर घालून. मधल्या काळात तो डावा कोपरा मला दुरुस्त करता आला असता. अर्ध्या दिवसाचं काम. मी दोनदा पेपर हातात घेतला आणि दोनदा ठेवला. बायको म्हणाली, "करून टाका ना, कशाला जीवाला घोर?" मी म्हणालो, "राहू दे."

"आणि त्यांना नाही दिसलं तर?"

त्या रात्री मला झोप लागेना.

ते आले तेव्हा काळा चष्मा होता. तो काढून वहिनींच्या हातात दिला. मी चादर काढली, दोन्ही ट्यूब लावल्या आणि बाजूला झालो. खडू कडेला उभे राहिले. मान तिरकी केली. मधोमध बघितलं. खडू खिशातच. उजवीकडे बघितलं. खिशातच. एक एक वीत सरकत डावीकडे आले, आणि पुढे निघून गेले.

म्हटलं, संपलं. गेली ती नजर.

दोन पावलं गेल्यावर ते थांबले. मागे आले. वाकून त्यांनी वायपर उचलला. खिशातून खडू काढला आणि त्या कोपऱ्यात एक गोल काढला, बटणाहून थोडा मोठा.

"ओघळ कापलायस," ते म्हणाले. "सावली राहिली आहे."

वहिनींनी जवळ येऊन गोलात बघितलं. "कुठे काय आहे? मला तर काही दिसत नाही."

"आहे, वहिनी," मी म्हणालो. गोल बघून मी याआधीही रडलो होतो, कारखान्यात, संडासात जाऊन, रागाने. या वेळी तिथेच उभा राहून रडलो. खडूंनी माझ्याकडे बघितलं नाही. ते गोलाकडे बघत होते.

मग त्यांनी खडू खिशात ठेवला.

"पुन्हा कर," ते म्हणाले.

मी पाण्याची बादली आणायला गेलो.